आधी श्वास, मग काळजी

कोल्हापुरातल्या एका रुग्णालयाच्या स्लीप लॅबमध्ये मी तंत्रज्ञ आहे. पेशंट रात्रभर झोपतो आणि शेजारच्या खोलीत बसून मी त्याचा श्वास, हृदयाचे ठोके, मेंदूच्या लहरी पाहत असते. 'टेन्शनमुळे झोप लागत नाही' हे वाक्य इथे येणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. ते खोटं नसतं. पण एका गळीत हंगामात आलेल्या पेशंटच्या रात्रीनंतर मी ते वाक्य वेगळ्या कानाने ऐकू लागले.

पेशंट साखर कारखान्यात शेती अधिकारी. वय पन्नाशीच्या आसपास, मान जाड, दोन गोळ्या चालू असूनही रक्तदाब आटोक्यात नाही. कामाचा ताण तर खराच होता. ऊसतोड मजुरांची टोळी आणणारा एक मुकादम आगाऊ उचल घेऊन टोळीसकट दुसरीकडे गेला होता, फडात तुरा आलेला ऊस उभा होता, आणि शेतकरी रात्री अकरा वाजताही फोन करून विचारत होते, "साहेब, आमची तोड कधी?" गावाकडच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली होती. ती घेऊनही रात्री दचकून उठणं थांबत नव्हतं. छातीत धडधड, घाम, आणि मग पहाटेपर्यंत टोळ्यांचा हिशेब.

बायको सोबत आली होती. मी डोक्याला वायरी चिकटवत असताना ती म्हणाली, "गोळी सुरू झाल्यापासून घोरणं वाढलंय मॅडम. मध्येच सगळं गप्प होतं. मग मी छातीवर हात ठेवून बघते, श्वास चालतोय का ते."

"हिला उगीच काळजी," ते म्हणाले. "घोरतोय म्हणजे झोपतोय तरी."

घोरणारा माणूस ढाराढूर झोपलाय, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. शेजारी जागं राहून श्वास मोजणाऱ्या बाईचं मात्र कुणी ऐकत नाही. डॉक्टरांच्या खोलीतही तिला बाहेर बसवलं जातं, याचा मला खरोखर राग येतो. पेशंटला स्वतःला जे कधीच दिसत नाही, ते तिनेच पाहिलेलं असतं.

दिवे मालवल्यावर बऱ्याच वेळाने त्यांना झोप लागली. झोप थोडी गाढ होताच घशाचे स्नायू सैल पडले आणि हवेचा मार्ग बंद झाला. पडद्यावर नाकातल्या हवेची रेघ सपाट झाली. छातीचा आणि पोटाचा पट्टा मात्र हलत होता, तोही एकमेकांच्या उलट : पोट बाहेर येताना छाती आत जात होती. म्हणजे शरीर जोर लावतंय, पण हवा आत जात नाही. हवा दहा सेकंद थांबली तरी आम्ही तो अ‍ॅप्निया मोजतो; झोपेत हे वारंवार होणं म्हणजेच स्लीप अ‍ॅप्निया हा आजार. इथे रेघ ४८ सेकंद सपाट होती. रक्तातला ऑक्सिजन उतरत ७१ टक्क्यांवर आला. मग मेंदूच्या लहरी एकदम जागेपणाच्या झाल्या, हुंदक्यासारखा मोठा श्वास आला आणि ५८ वर रेंगाळलेले ठोके १०४ वर उडाले.

अशी जाग बहुतेक वेळा काही सेकंदांचीच असते, सकाळी आठवतही नाही. ह्या वेळी मात्र ते उठून बसले आणि माइकवर म्हणाले, "मॅडम, झोप उडाली बघा. त्या मुकादमाचं आठवलं."

मी नोंद पुन्हा मागे नेऊन पाहिली. आधी श्वास अडला. मग ऑक्सिजन उतरला. मग मेंदू जागा झाला आणि छाती धडधडली. मुकादम सगळ्यात शेवटी आला. शरीराला गुदमरल्याची भीती वाटली होती, ती कशाची हे मनाला कळलं नाही, आणि मनाने समोर पडलेलं कारण उचललं. दिवसभर डोक्यात असलेला मुकादम तयारच होता. कित्येक महिने हा माणूस स्वतःला सांगत होता की काळजी मला झोपू देत नाही.

लक्षणं इतकी जोरात असली की आम्ही उरलेल्या रात्रीत मास्क लावतो. सी-पॅप यंत्र मास्कमधून हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवतं. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली हा उपाय जगापुढे मांडला, आणि आजही यावर मुख्य भरवसा त्याचाच आहे. ४ वरून हळूहळू चढवत मी दाब ११ पर्यंत नेला, तेव्हा रेघ सरळ चालू लागली. मग ते स्वप्नांच्या झोपेत गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून आलेख दाखवला. तासाला ५२ वेळा श्वासात अडथळा. पाचपेक्षा कमी असेल तर ठीक, तीसच्या वर गेला की आजार तीव्र. "म्हणजे टेन्शन नव्हतंच?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, टेन्शन आहेच. पण रात्रभर अंगात अ‍ॅड्रेनालिन उसळत राहिलं की दिवसाही शरीर सावध अवस्थेतून बाहेर येत नाही, चिडचिड होते, साधी अडचण डोंगराएवढी वाटते. अशा पेशंटमध्ये जागेपणीही चेतासंस्थेची ही धावपळ चालू असते, हे १९९५ साली अमेरिकेत थेट मज्जातंतूतून मोजलं गेलंय. उलट बाजूने ताणाने रात्रीचं जेवण उशिरा, वजन वाढलेलं, वर झोपेची गोळी. अशा काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो आणि जाग यायलाही उशीर होतो. ती गोळी डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने बंद केली.

मुंबईतल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात साडेसात टक्के जणांना लक्षणांसह हा आजार आढळला होता. म्हणजे हा दुर्मिळ आजार नाही. आणि बायकांचं तर विचारूच नका. पाळी गेल्यावर हा धोका वाढतो, पण त्या मोठ्याने घोरण्याऐवजी 'झोप नाही, थकवा आहे' एवढंच सांगतात आणि त्यांना टेन्शनचा शिक्का लगेच मिळतो.

यंत्र घरी गेल्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या आठवड्यात मास्क लावला की त्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. ज्यांच्या मनात आधीच धास्ती असते त्यांना हा त्रास जास्त होतो. मी त्यांना संध्याकाळी टीव्ही बघताना, जागेपणी, मास्क लावून बसायला सांगितलं. त्याने बराच फरक पडला. दचकून उठणं जवळजवळ बंद झालं. रक्तदाबाच्या गोळ्या अजून चालू आहेत, पण आकडा आटोक्यात आहे.

तपासणीला आले तेव्हा यंत्रातलं कार्ड मी काढलं. बहुतेक रात्री सहा तास वापर. मध्येच काही रात्री तास-दीड तासावर आलेल्या. त्यांनी तारखा पाहिल्या आणि लगेच ओळखल्या : ऊस न आल्यामुळे कारखाना थांबला होता, ते दिवस. त्या रात्री श्वास अडायच्या आधीच झोप हरवली होती, मास्क काढून ते अंगणात येरझाऱ्या घालत होते. म्हणजे इथे काळजी पहिली होती. डॉक्टरांनी ते कार्ड पाहून त्यांना झोपेसाठी समुपदेशन करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि मास्कही चालूच ठेवायला सांगितला.