पुस्तक, गुलाब आणि थर

आज 23 एप्रिल, सान जॉर्दीचा दिवस, म्हणजे स्पेनमधल्या कातालोनिया प्रदेशात एकमेकांना पुस्तक आणि गुलाब द्यायचा सण. बार्सिलोनात आज रस्तोरस्ती पुस्तकं आणि गुलाब, पण मी लंडनमध्ये, इथल्या कातालान लोकांनी बागेत छोटासा कार्यक्रम केला होता तिथे ऑफिसातली मैत्रीण घेऊन गेली. आणि काय सांगू, थर लावत होते हो! अगदी आपल्या गोविंदांसारखे, फक्त वर हंडी नाही. सगळ्यात वरची चिमुरडी एक हात उंच करते आणि लगेच उतरते, झालं.

मला पण खाली गर्दीत उभं केलं, त्याला पिन्या म्हणतात. तिथून वरचं काहीच दिसत नाही, ग्राल्या नावाची सनई वाजते तिच्या सुरावरून कळतं किती थर झाले. अंगावर काटा आला खरंच. 2010 मध्ये युनेस्कोने या मानवी मनोऱ्यांना वारसा म्हणून मान्यता दिलीये.

नंतर गप्पा मारताना मैत्रीण म्हणाली की स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोच्या काळात तिच्या आजीला शाळेत स्वतःच्या कातालान भाषेत बोलायची सोय नव्हती, आणि आज इन्स्टिट्यूट रामोन ल्युल नावाची संस्था परदेशातल्या युनिव्हर्सिट्यांत कातालान शिकवायला मदत करते, अनुवादाला पैसे देते, 2007 ला फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात कातालान संस्कृती मानाची पाहुणी होती. स्वतंत्र देश नाही तरी एवढं. मला फार कौतुक वाटलं, आणि आपल्या मराठीतली किती पुस्तकं बाहेर पोचतात हा विचार डोक्यातून जातच नाहीये.

येताना तिने पुस्तक दिलं, मी तिला गुलाब. पहिलं पान उद्या ती वाचून दाखवणार आहे.