कॅरिस्मा ८

आज सात रस्त्याजवळ मित्राच्या गच्चीवर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळलो, म्हणजे फासे टाकत गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचा खेळ. माझा बार्बेरियन (रानटी योद्धा) म्हणजे स्ट्रेंग्थ (ताकद) १५, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४ आणि वाटायच्या आकड्यांतला सगळ्यात कमी तो ८ नेहमीसारखा कॅरिस्मात (लोकांवर छाप पाडण्यात) ढकलला, बोलायचंय कुणाला, कुऱ्हाड आहे की. आणि नेमका वेशीवरचा पहारेकरी आडवा आला, मारायचं नाही, पटवायचं. डीएम (खेळ चालवणारा) म्हणाला १५ पाहिजेत. वीस बाजूंचा फासा पडला १५! मी नाचायला लागलो तर तो भाकरीवर शेंगाचटणी घेत शांतपणे म्हणतो, "कॅरिस्मा ८ आहे, वजा एक धर की बे." झाले १४, सगळे कोठडीत.

(सकाळी चादरीच्या दुकानात पण हेच, मला ५० रुपये कमी करता आले नाहीत, आई दोन वाक्यं बोलली आन दीडशे सुटले.) पुढचं कॅरेक्टर तिलाच बनवायला देतो.