सांताक्रूझला उतरले

रविवार, रात्री साडेनऊ

दुपारी आईचा फोन आला तेव्हा घाईत बोलून गेले, "सांताक्रूझला आहे गं, नंतर करते." पलीकडे शांतता. मग, "मुंबईत आलीस? आणि सांगितलंसही नाहीस?"

तिची समजूत घालता घालता चर्चच्या पायरीवर बसून हसू आवरेना. हे सांताक्रूझ बँकॉकमधलं, चाओ फ्राया नदीच्या काठचं चर्च. पार्ल्याला राहत असताना सांताक्रूझ म्हणजे लोकलच्या दारातल्या बायकांना "उतरणार का?" विचारायचं, एवढंच. त्या नावाचा अर्थ 'पवित्र क्रूस' हे इतक्या वर्षांत कधी मनात आलं नाही. ते कळायला बँकॉकला यावं लागलं.

इथे येऊन सव्वा वर्ष झालं. नदीतल्या बोटीतून जाता-येता हा गुलाबीसर घुमट दिसायचा. लोक काठावरच्या प्रसिद्ध अरुण मंदिराचे फोटो काढायला बोटीच्या एका बाजूला झुकायचे, त्यांच्याबरोबर मीही. मधली ही वस्ती नुसती मागे पडायची. आज नवरा सुटीच्या दिवशीही कामावर गेला, म्हणून चिडून एकटीच निघाले.

सुरुवात पूर्वेकडच्या काठावरच्या पाक ख्लोंग तलाट या फुलबाजारात. झेंडूच्या गोण्या पाहिल्या की दादर आठवतंच, त्यात नवल नाही. पुढच्या आठवड्यात लोय क्राथोंगचा सण, त्यामुळे केळीच्या खुंटाच्या चकत्यांचे ढीग लागले होते. त्यावर पानांच्या घड्या आणि फुलं लावायची, मेणबत्ती, उदबत्ती खोचायची आणि पौर्णिमेच्या रात्री पाण्यात सोडायचं. नंतर हीच चकती नदीत कुजते, पण थर्माकोलपेक्षा बरी.

तिथून छोट्या नावेने नदी ओलांडली. पाण्यावर जलपर्णीचे हिरवे पुंजके तरंगत होते. थाई लोक तिला 'चावा'ची वनस्पती म्हणतात, चावा म्हणजे जावा. ती जिथून आणली तो पत्ता त्यांनी नावातच ठेवलाय. एक इवलीशी टगबोट वाळूचे तीन प्रचंड पडाव ओढत चालली होती. बैलगाडीला मुंगी जुंपावी तसं.

नाव लागते ती कल्यानमित मंदिरापाशी. कल्याणमित्र! नावांची ही गंमत मला इथे पुरून उरते. नदीचा हा काठ थोनबुरी, म्हणजे धनपुरी. आणि आज जी वस्ती पाहायला आले ती कुडी चीन, त्यातली 'कुडी' म्हणजे आपली कुटी. चिनी लोकांची कुटी. पाटी वाचता येत नाही, पण कोणी मोठ्याने वाचून दाखवली की अर्धी समजते. अर्थात या जोरावर रिक्षावाल्याशी भाव करता येत नाही.

हे मंदिर १८२५ सालचं. ज्या सरदाराने आपल्या जागेवर ते बांधलं तो चिनी वंशाचा होता. विहारातला बुद्ध इतका उंच की दारातून आधी फक्त मांडी दिसते, आत जाऊन मान मागे टाकली की चेहरा. थाई त्याला लुआंग फो तो म्हणतात, चिनी भाविक साम पो काँग म्हणतात. मूर्ती एक, हाका दोन. बाहेरची घंटा देशातली सर्वांत मोठी मानतात. एक आजोबा नातवाला उचलून ती वाजवायला लावत होते आणि नातू कानांवर हात ठेवून रडत होता.

तिथून काठाकाठाने पायवाट जाते. एका बाजूला पूर अडवणारी काँक्रीटची भिंत, दुसऱ्या बाजूला घरं. वाटेत क्वान-यिन या करुणेच्या देवीचं छोटं चिनी देऊळ लागतं. कोरीव लाकूड धुराने काळवंडलेलं, फोटोला मनाई. वस्तीच्या नावातला 'चीन' तो हा. मनाई असल्यामुळे तिथे मी जास्त वेळ थांबले, डोळ्यांनी पाहत.

मग सांता क्रूझ. १७६७ मध्ये ब्रह्मी फौजेने तेव्हाची राजधानी अयुथ्या जाळली. ताक्सिन राजाने इथे नवी राजधानी वसवली आणि त्याच्या बाजूने लढलेल्या पोर्तुगीजांना ही जागा दिली. तो दिवस १४ सप्टेंबर १७६९, पवित्र क्रूसाच्या सणाचा, म्हणून हे नाव. पहिलं चर्च लाकडी होतं, आत्ताची इमारत तिसरी, १९१६ ची. रविवार म्हणून दार उघडं होतं. रंगीत काचांतून पडलेला निळा-तांबडा उजेड एका आजींच्या पांढऱ्या केसांवर होता. चेहरा पूर्ण थाई, हातात जपमाळ. पोर्तुगीज बोलणारं इथे आता कोणी नाही. अडीचशे वर्षांत रक्तही नदीच्या पाण्यासारखं मिसळून गेलंय. उरलाय तो क्रूस, आणि केक.

केककडे येतेच, पण आधी माझी फजिती.

चर्चच्या मागे गल्ल्या सुरू होतात. इतक्या अरुंद की समोरून सायकल आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. या वस्तीचं एक खासगी संग्रहालय आहे, जुन्या घरात, खाली कॉफी मिळते, असं ऐकलं होतं. एक दार उघडं दिसलं. आत जुनं लाकडी कपाट, भिंतीवर काळे-पांढरे फोटो, येशूची तसबीर, खाली लाल दिवा. चपला काढून आत शिरले, फोन वर धरला. फोटो काढणार तेवढ्यात कोपऱ्यात हालचाल झाली. एक आजोबा बनियनवर बसून भात खात होते. संग्रहालय नव्हतंच ते. त्यांचं घर होतं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात जोडून "खोथोत, खोथोत", माफ करा, माफ करा, करत मागे सरकले. ते रागावले नाहीत. चमच्यानेच गल्लीच्या पुढच्या टोकाकडे बोट दाखवावं तसं दाखवलं आणि पुन्हा जेवू लागले. ही चूक करणारी मी या महिन्यातली कितवी असेन कोण जाणे.

खरं संग्रहालय सापडलं, चांगलं आहे, पण त्यानंतर लक्ष लागेना. आजोबांचं कपाट जास्त आठवत होतं.

आता केक. नाव 'खनोम फरांग'. फरांग म्हणजे गोरा परदेशी, आपला फिरंगी तोच. (थाई लोक पेरूलाही फरांगच म्हणतात, परक्या देशातून आलं म्हणून.) कृती साधी आहे. बदकाची अंडी आणि साखर फेसून फेसून हलकी करायची, त्यात मैदा. लोणी नाही, दूध नाही, यीस्ट नाही. वरून मनुके, पर्सिमॉनचं सुकवलेलं फळ, साखर आणि कोहळ्याचा पाकवलेला तुकडा, म्हणजे चक्क पेठा. केक पोर्तुगीज, वरची सजावट चिनी. पूर्वी भट्टीत वर निखारे, खाली निखारे ठेवून भाजायचे, नानकटाईवाला हातगाडीवर भाजतो तसं. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ आणि जरासा कोरडा. चहाशिवाय घशाखाली उतरत नाही, हे माझं मत.

दुकानातल्या बाईंना मी 'पा' म्हटलं. पा म्हणजे आईची किंवा बाबांची मोठी बहीण, पण इथे कुठल्याही वयस्क बाईला चालतं, आपल्या मावशीसारखं. पिशवी देताना त्या म्हणाल्या, "किन खाओ रू यांग?" जेवलीस का? हा इथला रोजचाच प्रश्न, उत्तराची अपेक्षा नसलेला. पण सव्वा वर्षात मला तो फारसा कोणी विचारलेला नाही. आमच्या इमारतीत सगळे 'हॅलो' म्हणतात. मी "अजून नाही" असं खरं उत्तर दिलं तर त्यांनी पिशवीत एक केक जास्त टाकला.

शेवटी प्रयून मंदिर. १८२८ चं, मोठा पांढरा स्तूप आणि भोवती तांबडं लोखंडी कुंपण. ते इंग्लंडहून आणलं आणि त्याच्या वजनाइतकी साखर मोबदल्यात दिली, असं सांगतात. शेजारी कासवांचं तळं. काठीला फळांच्या फोडी टोचून कासवांना भरवायच्या. तिथे तोफांचं एक स्मारकही आहे. मंदिराच्या उत्सवात तोफ फुटून माणसं गेली. त्या अपघातात जखमी झालेल्या एका भिक्षूचा हात ब्रॅडली नावाच्या अमेरिकन डॉक्टरने जानेवारी १८३७ मध्ये कापला. सयाममधली, म्हणजे तेव्हाच्या थायलंडमधली, पाश्चात्त्य पद्धतीची पहिली मोठी शस्त्रक्रिया म्हणून ती नोंदली गेली. ईथरची भूल तेव्हा अजून कुठे नव्हती. वाचून माझाच हात पाठीमागे गेला.

तिथून दोन मिनिटांवर नदीवरची उंच बाग. रेल्वेसाठी बांधायला घेतलेला आणि तीसेक वर्षं अर्धवट पडलेला सांगाडा २०२० मध्ये बाग म्हणून खुला केला. त्याचं लोकांतलं जुनं नाव 'सफान दुआन', थोटा पूल. थोटा हात आणि थोटा पूल इतके शेजारी. हे कोणाला सांगावं म्हणून वळले तर शेजारी एक मुलगा मुलीचे फोटो काढत होता.

सूर्य अरुण मंदिराच्या बाजूला गेला. खाली वस्तीतले दिवे लागले, त्यात आजोबांचा कुठला ते शोधत बसले. सापडला नाही.

घरी आल्यावर आईला फोटो पाठवले. तिचा लगेच फोन. "तो केक अंड्याचा का गं?"

"हो. बदकाच्या."

"मग राहू दे. चहाबरोबर खा पण तू. जेवलीस का?"

सहातले चार केक उरलेत. नवरा अजून यायचाय.