बंद मोटारीचा पंखा उलटा फिरत होता

मी नाशिकमध्ये पंप रिपेअरिंगचं काम करतो, जास्त करून सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या पट्ट्यात. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे मोटार जळली की वाइंडिंग करून देणे, पण बऱ्याच कॉलमध्ये मोटार ठणठणीत असते. फूटवॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाच्या झडपेत, कचरा बसलेला असतो, सक्शनच्या म्हणजे त्याच ओढणाऱ्या पाइपच्या जॉइंटमधून हवा ओढत असते, नाहीतर मोटारीला स्टार्ट देणारा कपॅसिटर उतरलेला असतो. तरी पाणी चढलं नाही की पहिला शब्द निघतो तो "मोटार बदला".

मागच्या महिन्यातली ही केस पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीची. खाली पार्किंग, वर पाच मजले, गच्चीवर दहा हजार लिटरची टाकी. त्या बाजूला मुकणे धरणाचं पाणी विल्होळीच्या केंद्रातून येतं, ते आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि तिथून मोटारीने वर जातं. तक्रार अशी की पूर्वी वेळेत भरणारी टाकी आता चार-चार तास मोटार चालवूनही अर्धी राहते, आठ वाजता वरच्या मजल्यांचे नळ कोरडे. कोणा दुकानदाराने सांगितलं म्हणून एक एचपी काढून दोन एचपी बसवली होती, तरी फरक जेमतेम. दुकानदारांची ही सवय मला पटतच नाही, प्रेशरचं गेज न लावता, हेड म्हणजे पाणी चढवायची उंची न मोजता मोठी मोटार गळ्यात मारायची, आणि मग लाईट बिल सोसायटीने भरायचं.

पण त्या बिलाचा राग निघाला होता वॉचमन काकांवर. काका सुरगाण्याकडचे, वयस्कर, मोटार चालू-बंद करायचं काम त्यांच्याकडेच. कमिटीचं म्हणणं, हे मोटार लावून झोपतात, नाहीतर शेजारच्या बांधकामाला पाणी विकतात. दोन महिन्यांच्या पगारातून वाढीव बिलाचे पैसे कापले होते. हे सेक्रेटरींनी मला काकांच्या समोरच सांगितलं, आणि काका मान खाली घालून पंपाच्या खोलीचं कुलूप काढत होते.

मी आधी गच्चीवर गेलो. टाकीत पडणारी धार करंगळीएवढी. लाईन सव्वा इंची, कुठे ओल नाही, डक्टमध्ये गळती नाही. खाली येऊन गेज बघितलं. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर लागतं, खालच्या टाकीच्या पाण्यापासून वरच्या टाकीच्या तोंडापर्यंत इथे बावीस-तेवीस मीटर, म्हणजे सव्वादोन किलो तर नुसतं तिथवर पोचायलाच पाहिजे. गेज त्याच्या जरासंच वर. मग मोटार किती करंट घेते ते बघायला क्लॅम्प मीटर लावला आणि तिथे मी थांबलो, कारण अँपिअर मोटारीच्या नेमप्लेटवर लिहिलेल्यापेक्षा जास्त होते. हे बाहेरच्या माणसाला उलटं वाटेल. या पंपाला पाणी मिळत नसेल, हवा धरली असेल किंवा पुढे लाईन चोक असेल तर मोटार हलकी चालते, अँपिअर कमी होतात. जास्त अँपिअर म्हणजे पंप भरपूर पाणी ढकलतोय. म्हणजे मोटार कामचुकार नाही, ती जीव तोडून पाणी फेकतेय, फक्त ते पाणी वर जात नाहीये.

मग जातंय कुठे? खालच्या टाकीचं झाकण काढून काठीला खूण केली, आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर गोदावरीचा पूर मोजतो तसं, आणि बघत उभा राहिलो. दोन एचपीची मोटार चालू असताना पाणी जेवढं उतरायला पाहिजे तेवढं उतरतच नव्हतं.

तेव्हा काका हळूच म्हणाले, "दादा, ती दुसरी मोटार बघा ना. बंद आहे पण तिचा पंखा फिरतो. उलटा."

पुढचं मला न बघताच कळलं, तरी टॉर्च मारला. कोपऱ्यात स्टँडबाय म्हणजे राखीव पंप, स्टार्टरची वायर काढलेली, धूळ बसलेली, आणि मागच्या जाळीतून दिसतंय की कूलिंग फॅन संथपणे उलट्या दिशेने फिरतोय. दोन्ही पंप वर एकाच पाइपला जोडलेले. चालू पंप जे पाणी चढवत होता त्यातलं बरंचसं जॉइंटवरून वळून बंद पंपातून खाली उतरत होतं, परत त्याच टाकीत, आणि जाताना त्याचा इंपेलर, म्हणजे पंपाच्या आतलं पाणी फेकणारं चाक, फिरवत होतं. चार तास तेच पाणी गोल गोल.

हे अडवायला त्या पंपाच्या डिलिव्हरीला, म्हणजे पाणी बाहेर पडणाऱ्या पाइपला, एनआरव्ही असतो, पाणी एकाच बाजूने जाऊ देणारा वॉल्व्ह. खोलला तर आतल्या झडपेची पिन झिजून तुटलेली, झडप खाली पडलेली. सक्शनच्या टोकाला फूटवॉल्व्ह असतो, तोही अडवू शकला असता, पण त्यात पीव्हीसी पाइप कापताना निघालेली लांब साल अडकून तो उघडाच राहिला होता. म्हणजे कोणा प्लंबरने पाइप कापला आणि साल टाकीत जाऊ दिली. वरचा हाताने बंद करायचा गेट वॉल्व्ह गंजून उघड्या स्थितीत जाम. या पंपाचं पाणी उतरतं, दरवेळी प्रायमिंग म्हणजे आधी पंपात पाणी भरावं लागतं म्हणून तो बाजूला ठेवला होता, ते का उतरतं हे कोणीच बघितलं नाही.

सिडकोतून एनआरव्ही आणि गेट वॉल्व्ह आणले, फूटवॉल्व्ह साफ करून बसवला, स्टार्टर दाबला. अँपिअर खाली आले, गेजचा काटा वर चढला आणि डक्टमधून टाकीत पाणी पडल्याचा दणदणीत आवाज आला. तो आवाज आला की मला खरंच बरं वाटतं.

काकांना विचारलं, हे कधीपासून बघताय? म्हणाले, उन्हाळ्यापासून. प्लंबरला सांगितलं, मोटार बसवायला आलेल्या माणसाला सांगितलं, सेक्रेटरींना दोनदा. सगळे म्हणाले बंद मोटार कशी फिरेल, डुलकी लागली असेल. रोज त्या खोलीत जाणारा माणूस तोच आणि त्याचंच कोणी ऐकलं नाही. मी निदान काढलं असं कमिटी म्हणते, पण मला अजून अर्धा तास लागला असता, काकांनी ते आधीच बघितलं होतं आणि त्याच्यावर पगार गेला होता, हे काही माझ्या डोक्यातून जात नाही.

सेक्रेटरींना तिथेच सांगितलं की काकांचे पैसे परत द्या, चूक वॉल्व्हची होती. ते म्हणाले, मीटिंगमध्ये बघू. मग मी बिलावर नुसतं "पंप दुरुस्ती" न लिहिता पूर्ण लिहिलं: स्टँडबाय पंपाचा एनआरव्ही तुटलेला, चढवलेलं पाणी परत खालच्या टाकीत, मोटार जास्त वेळ चालण्याचं कारण हेच, वॉचमन यांनी आधी कळवले होते. सेक्रेटरी म्हणाले शेवटची ओळ कशाला. मी म्हटलं, राहू द्या, ऑडिटला लागेल. कॉपी काकांनाही दिली. पैसे अजून मिळाले नाहीत, या आठवड्यात सर्व्हिसिंगला जायचंय तेव्हा परत विचारणार आहे.