लेव्हल दोनमध्ये गेलेलं एक वर्ष

माझी लेक आता बारा वर्षांची आहे, क्लबमध्ये चौथ्या लेव्हलला पोहते. ज्यांची मुलं नुकतीच नुसतं पोहणं सोडून स्पर्धेच्या बॅचला जायला लागलीत त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण तेव्हा मला कुणी एवढं सांगितलं असतं तर वर्षभर माझ्या जिवाला जो घोर लागला होता तो लागला नसता.

आधी एक गोष्ट. स्पर्धेतला गट वयावर ठरतो, ट्रेनिंगची लेव्हल वयावर ठरत नाही. आम्ही घरी या दोन्हीची सरमिसळ करायचो आणि मग "ती दहाची होत आली, अजून दुसरीतच कशी" असं सुरू व्हायचं. लेव्हलला कुठे नंबर असतात, कुठे रंग, पण शिकायचा क्रम थोडाफार सारखाच असतो. पहिलीत शरीर पाण्यावर आडवं ठेवणं, श्वास पाण्यात सोडणं, फ्री (फ्रीस्टाइल) आणि बॅकची (बॅकस्ट्रोक) किक, भिंतीला पाय देऊन स्ट्रीमलाइनमध्ये, म्हणजे हात डोक्यापुढे ताणून, सरळ जाणं. दुसरीत चारही स्ट्रोक, म्हणजे फ्री, बॅक, ब्रेस्ट (ब्रेस्टस्ट्रोक) आणि फ्लाय (बटरफ्लाय), नियमात बसतील असे, शिवाय फ्लिप टर्न, म्हणजे भिंतीपाशी कोलांटी मारून वळणं, आणि ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या चौथऱ्यावरून, डाइव्ह. तिसरीपासून घड्याळावर, म्हणजे ठरलेल्या वेळेने, पोहायचं.

पहिली लेव्हल तिने चार महिन्यांत काढली. दुसरीत मात्र अडकली. फ्रीमध्ये ती लेनमधली सगळ्यात फास्ट, 50 मीटर 45 सेकंदात, आणि तिच्यापेक्षा तीन-चार सेकंद मागे असणारी दोन मुलं वर गेली पण ही तिथेच, रोज घरी येताना गप्प गप्प. शेवटी मी कोचसरांना गाठलं. ते म्हणाले, "ताई, टायमिंग राहू द्या, ब्रेस्टमध्ये तिचा उजवा पाय बघा."

बघितला. डावं पाऊल बाहेर वळून पाणी मागे ढकलत होतं, उजवं वळतच नव्हतं, बोटं ताणलेली आणि पाय कात्रीसारखा चालायचा. किकबोर्ड धरून ब्रेस्ट किक मारायला लागली की दर लॅपला ती हळूहळू उजवीकडच्या दोरीवर जायची, आणि मी इतके महिने समजत होते की हिचं लक्ष नाही! ब्रेस्टमध्ये दोन्ही पाय एकाच वेळी हलले पाहिजेत आणि जोर लावताना पावलं बाहेर वळलेली पाहिजेत, नाहीतर बाद. ते स्पर्धेत कळलंच. पहिलीच मीट, 50 ब्रेस्ट, हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) दुसरी आली, टोपी डोक्यावर तशीच, अंगावरून पाणी निथळतंय आणि धावत येऊन विचारतेय, "मी दुसरीच आले ना गं?" निकालाच्या बोर्डावर नावापुढे टायमिंग नव्हतं, डीक्यू, म्हणजे बाद, लिहिलं होतं. त्या दिवशी मला सरांचं म्हणणं पटलं. तिला ते पटायला अजून पंधरा दिवस लागले.

मग तीन महिने फक्त ते पाऊल. सर तिला काठावर पालथं झोपवायचे, पाय पाण्यात, आणि स्वतः पाण्यात उभं राहून टाचा हातात धरून फिरवायचे, "टाच वर, पाऊल बाहेर, ढकल, मिटव", हेच पंधरा-वीस वेळा. घरी ती पावलं बाहेर वळवून टाचांवर चालायची, दारापासून खिडकीपर्यंत आणि परत. कंटाळायची, रडलीसुद्धा एकदा. आणि मग एका संध्याकाळी मी वर बसून बघतेय तर बोर्ड दोरीकडे गेलाच नाही, तळाच्या काळ्या पट्टीवरून सरळ पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला. माझ्या डोळ्यात पाणीच आलं.

त्यानंतर तिसरीची टेस्ट. एक 200 आयएम (इंडिव्हिज्युअल मेडले), म्हणजे चारही स्ट्रोक एकापाठोपाठ, फ्लाय, बॅक, ब्रेस्ट, फ्री या क्रमाने, एकही चूक न करता. आणि सहा वेळा 100 फ्री, 2:15 वर. हे "वर" म्हणजे काय ते मला आधी कळायचंच नाही. दर सव्वादोन मिनिटांनी निघायचंच, 1:50 मध्ये पोहोचलात तर 25 सेकंद विश्रांती, 2:10 लागले तर पाचच. पहिल्या टेस्टला तिचा पहिला 100 1:38 मध्ये झाला, मग 1:41, 1:52, 2:04, आणि पाचव्याला वेळेत पोहोचलीच नाही. एकदा फास्ट जाता येतं का हे बघायचं नसतंच इथे, सहावा 100 पहिल्यासारखा निघतो का ते बघतात. कारण लेनमध्ये पाच-सहा मुलं पाच-पाच सेकंदांच्या अंतराने उजवी बाजू धरून गोल फिरत असतात, एक ढेपाळला की मागचे सगळे अडकतात आणि अख्ख्या लेनचा सेट बिघडतो.

घड्याळ वाचणं हेही शिकावं लागतं हो. भिंतीवरच्या घड्याळात त्यांना फक्त सेकंदकाटा बघायचा असतो, 60 वर पहिल्या 100 ला निघालं की पुढच्याला 15 वर, मग 30, 45, परत 60. दमून श्वास लागलेला असताना हे डोक्यात ठेवायचं. घरी येताना ती बोटांवर मोजत बसायची. दुसऱ्या टेस्टला सगळे 1:48 ते 1:52 च्या मध्ये आले, आणि गेली वर.

तिसरी लेव्हल सुरळीत झाली. चौथीत आठवड्याला पाच दिवस, त्यातले दोन पहाटे, शिवाय जमिनीवरचा व्यायाम. या वयात उंची एकदम वाढते आणि टायमिंग काही महिने जागचं हलत नाही, तेव्हा घाबरू नका. हाताला पॅडल (तळहातावर बांधायच्या प्लास्टिकच्या चकत्या) लावायची मात्र घाई करू नका, स्ट्रोक पक्का नसताना सगळा भार खांद्यावर येतो. आणि कोचना "कधी वर घेणार" असं विचारण्यापेक्षा "तिचं काय कमी पडतंय" असं विचारा, पहिल्या प्रश्नाला मला कधीच नीट उत्तर मिळालं नाही, दुसऱ्याला दर वेळी मिळालं.

पुढच्या महिन्यात पाचवीची टेस्ट आहे, 400 आयएम. आमचा पूल 25 मीटरचा, म्हणजे सुरुवातीलाच फ्लायचे चार लॅप. सध्या तिसऱ्या लॅपला हात पाण्याबाहेर पूर्ण येत नाहीयेत, त्यावर काम चालू आहे.