ऑलिंपस सोडायचा नाही असं ठरवल्यावर काय काय केलं

ऑलिंपस कॅमेऱ्याच्या धंद्यातून बाहेर पडतेय, ही बातमी जून २०२० मध्ये आली. जपान इंडस्ट्रियल पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीकडे तो धंदा गेला आणि १ जानेवारी २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्यूशन्स या नव्या नावाने सुरू झाला. पुढे काय होणार, हे तेव्हा कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. तरी माझा ऑलिंपसचा ई-एम१ मार्क टू कॅमेरा मी विकला नाही. कारण मायक्रो फोर थर्ड्स हा माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स जोडायची पद्धत, २००८ मध्ये ऑलिंपस आणि पॅनासॉनिकने मिळून आणला. एकीने हात वर केले तरी दुसरीच्या बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर, लेन्स चालणारच.

पण लेन्स बसली म्हणजे सगळं चाललं, असं होत नाही. पैसे कुठे घालायचे हे ठरवताना सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. बॉडी आणि लेन्स दोन्हींतलं स्टॅबिलायझेशन (आयएस), म्हणजे हात हलला तरी फोटो हलू न देणारी सोय, एकत्र काम करतं ते एकाच कंपनीच्या जोडीत. ऑलिंपसमध्ये त्याला सिंक आयएस म्हणतात आणि ते १२-१०० एफ/४ किंवा ३०० एफ/४ सारख्या मोजक्याच लेन्सवर मिळतं. पॅनासॉनिकची स्टॅबिलायझर असलेली लेन्स लावली की दोन्हींपैकी एकच चालतं. कोणतं, ते मेन्यूतल्या ‘लेन्स आयएस प्रायॉरिटी’वर ठरतं. पॅनासॉनिक-लायका १५ एफ/१.७ ची अपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) लहान-मोठं करायची रिंग या बॉडीवर नुसती फिरते, अपर्चर डायलनेच बदलावं लागतं. प्रो कॅप्चर लो, म्हणजे शटर पूर्ण दाबण्याआधीच्या फ्रेम्स पकडताना फोकसही चालू ठेवणारा मोड, पॅनासॉनिकच्या लेन्सवर मिळत नाही. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला हे फार महत्त्वाचं. म्हणून टेली (लांबचं जवळ आणणारी) आणि मॅक्रो (अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी) लेन्स ऑलिंपसचीच घेतली, आणि लहान प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, ज्या कंपनीची स्वस्त मिळेल ती.

फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायचं काम लगेच उरकलं. ऑलिंपसचं फर्मवेअर कार्डावर कॉपी करून टाकता येत नाही. यूएसबीने कॅमेरा कॉम्प्युटरला जोडून वर्कस्पेस सॉफ्टवेअरमधूनच करावं लागतं, तेही इंटरनेट चालू असताना. लेन्सचं फर्मवेअरही तसंच, लेन्स बॉडीवर लावून. अपडेटनंतर सेटिंग्ज मूळ पदावर येतात, त्यामुळे आधी वर्कस्पेसमधूनच त्यांचा बॅकअप घेऊन ठेवायचा. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. मध्येच केबल निघाली तर बॉडी सुरूच होणार नाही अशी वेळ येऊ शकते.

दुसरी बॉडी जुन्या बाजारातून घेतली. अशी बॉडी किती वापरली गेलीय ते बघायला तिच्या सेटअप मेन्यूत स्क्रीनच्या ब्राइटनेसवर जायचं, उजवा बाण, मग इन्फो आणि ओके ही बटणं. त्यानंतर वर, खाली, डावा, उजवा बाण, शटर पूर्ण दाबून, पुन्हा वर. पुढच्या पानावर ‘आर’समोरचा आकडा म्हणजे शटर किती वेळा चाललं. या मॉडेलचं शटर २ लाख वेळांसाठी तपासलेलं आहे, त्या हिशेबाने किंमत ठरवायची. मग १/४ सेकंदावर एक फोटो आयएस बंद ठेवून आणि एक चालू ठेवून काढायचा. दोन्ही सारखेच हलले असतील तर ती बॉडी घेऊ नये, कारण सेन्सरच्या स्टॅबिलायझरची दुरुस्ती गल्लीतल्या दुकानात होण्यासारखी नाही. कॅमेरा चालू असताना येणारी बारीक घरघर मात्र नेहमीचीच, तिला घाबरायचं कारण नाही.

या कॅमेऱ्याच्या बीएलएच-१ बॅटरी अस्सलच घेतल्या, पण साठा केला नाही. लिथियम बॅटरी न वापरताही म्हातारी होते. पडून राहणार असेल तर साधारण निम्मी चार्ज करून थंड जागी ठेवायची. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, आणि ती काचेचं कोटिंग खाते. ड्राय कॅबिनेटमध्ये आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवली की पुरतं.

२०२२ मध्ये नव्या कंपनीचा ओएम-१ कॅमेरा आला. त्याच्यावर समोर अजून ऑलिंपसचंच नाव होतं. त्याचं शटर ४ लाख वेळांसाठी तपासलेलं, पण बॅटरी बीएलएक्स-१, जी जुन्या बॉडीत बसत नाही. दोन्ही बॉडी एकत्र वापरायच्या असतील तर प्रवासात चार्जिंगची सोय दोन्हींसाठी वेगवेगळी लागते; लेन्स मात्र सगळ्या तशाच चालतात.