वाडीतलं इंजिन आणि खांबावरचा माणूस

३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरवरून गेलं. आठवडाभराने दिवेआगरहून मला निरोप आला, वाडीत जुनं इंजिन पडलंय, त्यावर घरचे दिवे लावून द्याल का? मी माणगावला जनरेटरची कामं करतो. हत्यारांची पेटी, मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, आणि शिल्लक असलेला एकुलता एक चेंजओव्हर, म्हणजे घर एका वेळी लाइनीला किंवा जनरेटरलाच जोडणारा स्विच, घेऊन निघालो. वाडीत उभ्या सुपाऱ्या बोटावर मोजण्याइतक्या, खांब आडवे, तारा चिखलात. घरात ऐंशी ओलांडलेली आजी. विहीर तुडुंब, पण पंप बंद.

इंजिन राजकोटचं, लिस्टर पद्धतीचं, सहा हॉर्सपॉवरचं, मिनिटाला ६५० फेरे. विजेचा पंप बसल्यापासून झापांखाली पडलेलं. ही इंजिनं सहसा मरत नाहीत, अडून बसतात. टाकीतलं चिकट झालेलं डिझेल काढलं, फिल्टर बदलला, नोझल खोलून साफ केलं. पंपाचा नट सैल करून एअर काढली, सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका उचलला आणि हँडल मारायला लागलो. वेग आल्यावर खटका पाडला. काळ्या धुराचा एक लोट सोडून ते धकधकायला लागलं. पडवीतून आजी सुनेला म्हणाली, "हे होते तेव्हाचा आवाज गो हा."

वीज तयार करणारा अल्टरनेटर एका मंडपवाल्याकडून आणलेला, तीन केव्हीएचा. दमटपणामुळे मेगर अर्धा मेगओहमसुद्धा दाखवेना. असं ओलं वाइंडिंग आम्ही आत बल्ब लावून सुकवतो, पण इथे वीज कुठली? अल्टरनेटर चुलीपासून हातभर अंतरावर रात्रभर ठेवला. सकाळी आकडा दोनच्या वर.

इंजिनाची पुली १४ इंची, अल्टरनेटरची ६, म्हणजे तिकडे १५००च्या आसपास फेरे, ५० हर्ट्झ. पट्टा चढवला, इंजिन सुरू केलं, तर व्होल्टमीटरवर जेमतेम तीन व्होल्ट! फार दिवस पडून राहिला की पोलांमधलं चुंबकत्व उतरतं. रिक्षाची १२ व्होल्टची बॅटरी आणवली, फील्डच्या, म्हणजे चुंबकत्व देणाऱ्या गुंडाळीच्या, टोकांना प्लस-मायनस बघून क्षणभर टेकवली. काटा सरसर चढला. इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर जुळवून २३०वर आणला.

मग वाद झाला. मालक म्हणाले, "मिस्त्री, खांबच पडलेत, वीज येणार कुठून? वायरीच्या दोन्ही टोकांना पिना लावा आणि प्लगात घाला." मी नाही म्हणालो. वीज येण्याची भीती नव्हती, आपली वीज बाहेर जाण्याची होती. मीटरमधून उलटी जाऊन ती ट्रान्सफॉर्मरला पोचली, तर पलीकडे ११ हजार व्होल्ट होऊन निघते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर बसवीपर्यंत मी पुन्हा हँडलला हात लावला नाही. दोन तास गेले. मालक घुश्शात होते.

दुपारी इंजिन चालू असताना लाइनमनची टोळी तारा ओढायला आली. थोड्या वेळाने ओरडा झाला आणि दोघं धावत आमच्याच अंगणात शिरले. तार जमिनीला जोडायला, म्हणजे अर्थिंगला, दांडा लावताच ठिणगी उडाली होती. आवाज आमच्या इंजिनाचा, म्हणून संशयही आमच्यावर. त्यांच्यातला थोरला थरथरत होता. मी त्याला चेंजओव्हर दाखवला, इंजिन बंद केलं. टेस्टर अजून पेटतच होता.

आम्ही घरोघर शोधत निघालो. तिसऱ्या घरी, मागच्या पडवीत पेट्रोलचा छोटा सेट चालू होता. प्लगात तसलीच दोन्हीकडे पिना लावलेली वायर. तुटलेल्या लाइनीच्या त्या तुकड्यावर दोनच घरं उरली होती, म्हणून सेट भाराने बंदही पडला नव्हता. त्या घरच्या माणसाला तार जिवंत झाल्याची कल्पनाच नव्हती. खांबाकडे बघून तो मटकन खाली बसला. मी सेट बंद केला, वायर पक्कडीने तोडली. दुसरा चेंजओव्हर नव्हता, म्हणून लाइनमननी त्या घराकडे येणारी सर्व्हिस वायर खांबावरूनच सोडवली. मी सेट परसात मोकळ्यावर काढला. तो पडवीत चालवणं आणखी एक संकट, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला झोपेतच नेतो. दोन बल्बना स्वतंत्र वायर ओढून दिली.

संध्याकाळी मालकांनीच टोळीला जेवायला बोलावलं. पंपाने टाकी भरली, आजीच्या खोलीत पंखा फिरला. पडवीतल्या बोर्डावर लाइनमनच्या बॅटऱ्या आणि आळीतले मोबाइल चार्जिंगला होते. थोरला लाइनमन जेवून उठला, चेंजओव्हरपाशी गेला, दांडी कुठल्या बाजूला आहे ते वाकून बघितलं आणि मग हात धुवायला गेला.